धुऱ्याकडची बाई

पुणे, १० ऑगस्ट २०२५

प्रिय सावित्रीआत्या,

सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे, मीही बरी आहे, कुणाचं काही झालेलं नाही. तुझ्या गुड्डूच्या लग्नानंतर मी तुमच्या घरी फिरकले नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून आधीच सांगते.

तुला माहीत नसेल, मला एक नाद लागलाय. इथे जुन्या बाजारात लोकांच्या घरातून निघालेलं सामान विकायला येतं. त्यात कधी कधी जुन्या स्लाइड मिळतात. स्लाइड म्हणजे रंगीत फिल्मचा छोटा तुकडा, चौकटीत बसवलेला. पूर्वी लोक दिव्याच्या मशिनीत घालून भिंतीवर मोठं चित्र पाडायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे. मी त्या विकत घेते, पुसते आणि रविवारी स्कॅन करत बसते. कुणाच्या तरी बायकोचा स्कूटरवरचा फोटो, कुणाच्या पोराचं बारसं. एकाही माणसाला मी ओळखत नाही. आई म्हणते, लोक स्वतःचे पितर सांभाळेनात आणि आमची पोरगी दुसऱ्यांचे गोळा करते!

तर परवा एका डब्यातल्या काही चौकटींवर निळ्या शाईनं इंग्रजीत लिहिलेलं सापडलं, ‘नवेगाव बांध, ऑगस्ट ७१’. मी बाजारात उभ्या उभ्या ओरडलेच. डबा कुणाचा ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. कोणी साहेब फिरायला किंवा बदलीवर आला असेल तिकडे. घरी येऊन, माझ्या नेहमीच्या सवयीनं लिहिलेली बाजू वर ठेवून, तीन स्लाइड लगेच स्कॅन केल्या. बाकीच्या सवडीनं करीन.

तिन्हींचे फोटो सोबत पाठवतेय. एक तलाव, एक डोंग्यातून मासे धरणारा ढिवर, आणि तिसरी भाताच्या रोवण्यातली बाई. खरं तर ती बायांची मोठी ओळ आहे, पण ही एकच कॅमेऱ्याकडे बघून अशी मोकळी हसतेय की मी तिच्यापुरता तुकडा कापून मोठा केला. हातावर विंचवाचं गोंदण पण आहे बघ. कोणी ओळखीचं निघालं तर कळव. मोबाइलवर नको, तुझा फोन गुड्डूच उचलतो आणि ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणून ठेवून देतो.

भोजराजमामांना नमस्कार.

तुझी हर्षा


नवेगाव बांध, २० ऑगस्ट

चि. हर्षा,

आशीर्वाद.

अवो पोरी, तू काय पाठवलं ते तुले तरी माहीत आहे काय?

पोस्टमन आला तवा मी पोळ्याच्या तयारीत होती. फोटो पाहिले, बाजूले ठेवले. मग त्या बाईचा पुन्हा हातात घेतला, अन् मी तिथंच खाली बसली. रोवण्यात साऱ्या बाया पऱ्ह्याची पेंढी डाव्या हातात धरतेत अन् उजव्या हातानं रोप खोचतेत. तू चिचगडची, लहानपणी पाहिलं असशील, आता पुण्याची झाली म्हून विसरली असशील. ही बाई डाव्या हातानं खोचून राहिली.

माही माय डावरी होती.

तुले कोणी सांगितलं नसन म्हून सांगते. माय तापानं गेली तवा मी वर्षाची बी पुरी नव्हती. म्हणजे तुह्या त्या ७१ च्या पुढच्याच उन्हाळ्यात. घरात तिचा एक फोटो नाही. बाबाले विचारलं तर म्हणे, डावरी होती. बस! गोरी का सावळी, हसे का रडे, काही नाही. माह्या बापाचं, सुखरामबाबाचं, तोंड म्हणजे कुलूप. दुसऱ्या मायनं मले चांगलं वाढवलं, तिले नावं नाही ठेवत. पण चोपन वर्षाची झाली मी अन् मायचं तोंड कसं होतं ते मले ठाऊक नाही. नातीन विचारते, आजी, तुही आई कशी दिसे, तर मी म्हणते, जाय, अभ्यास कर.

तिले पाहिलेली आता एक निर्मलाबाई उरली. दोघी एका ओळीत रोवणा करत. पण निर्मलाबाईचे डोळे गेले, कामाचे नाही राहिले बिचारीचे. मी फोटो घेऊन गेली, सांगितलं, डाव्या हातानं खोचून राहिली अन् हसून राहिली. तर म्हणे, मंग वच्छलाच असन, गावात दुसरी डावरी होती कोण? मी म्हटलं हातावर गोंदण बी आहे. ते म्हणे, गोंदण तं साऱ्याइच्याच हातावर राहे.

मले हा फोटो मोठा करून पाठव. अविधवा नवमीच्या आधी पाहिजे. सख्खा भाऊ नाही म्हून मायची नवमी मीच करते, दरसाल पाटावर फोटोच्या जागी सुपारी ठेवते. यंदा सुपारी नाही ठेवणार.

आमचे हे, तुह्ये मामा, म्हणतेत, तलावाचा फोटो आपल्या बांधाचा नाहीच, डोंगर इकडचा तिकडं आहे. त्याइचं काही मनावर घेऊ नको, त्याइले चष्म्याचा नंबर बदलायचा आहे.

सावित्री


पुणे, २७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले. ऑफिसात रडले, आणि शेजारच्या टेबलावरचीला सांगितलं की सर्दी झालीय.

इतकी वर्षं मी परक्यांचे चेहरे पुसत बसलेय आणि त्यात आपल्याच घरची आजी निघावी! आज इथे घरोघरी गणपती बसलेत. मी आमच्या गणपतीपुढे तुझी गोष्ट आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, वच्छलाकाकूचं नाव मीही सासूकडून ऐकलेलं, डावऱ्या हातानं भाकरी थापायची म्हणे.

मोठा फोटो चांगल्या कागदावर छापून, चौकट करून, कुरियरनं पाठवलाय. काच नाही घातली, वाटेत फुटेल. तू तिथे घालून घे. चेहऱ्यावर बुरशीचा एक डाग होता, तो मी हातानं काढला. बाकी काहीही बदललेलं नाही, शपथ.

मामांना म्हणावं, इतक्या वर्षांत झाडं वाढली, पाणी कमी-जास्त झालं, डोंगर वेगळा दिसणारच. चौकटीवर स्वच्छ लिहिलंय नवेगाव बांध.

नवमीला माझ्या वाटचाही नमस्कार कर.

हर्षा


नवेगाव बांध, ८ सप्टेंबर

चि. हर्षा,

माय घरी आली.

काच घालून समोरच्या खोलीत लावली. सारा मोहल्ला पाहून गेला. कोणी म्हणते नाक माह्यासारखं, कोणी म्हणते नातीन हुबेहूब. मले बी तसंच वाटून राहिलं. सकाळी उठली का आधी तिच्यापुढं जाते. बोलते बी, तुले सांगायले कायची लाज! काल तिले सांगितलं, तू गेल्यावर माह्यं लग्न झालं, तीन लेकरं झाली, एक नाही राहिलं. इतक्या वर्षांत कोणापाशी बसून इतकं बोलली नाही मी.

मामा अजून त्या तलावाच्या फोटोले धरून बसले. काल सायकलनं बांधावर जाऊन पाहून आले. म्हणतेत, डोंगर जागचा हालत नसते. मी म्हटलं, तुम्ही बी जागचे हालू नका, चहा घ्या.

नवमी येत्या सोमवारी आहे. वडे, भात, कढी, सारं मायच्या नावानं.

सावित्री


पुणे, १३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र कसं लिहू कळत नाही, तरी लिहिते.

आज डब्यातली आणखी एक स्लाइड स्कॅन केली. तुमच्या गावच्या बाजाराची. मागे कापडाचं दुकान आहे, त्यावर पाटी आहे. पाटीवरची अक्षरं उलटी आली. आरशात दिसतात तशी.

आत्या, फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. कुठली वर ठेवायची ते फिल्म बघून ठरवायचं असतं. मी मात्र नेहमी चौकटीवरचं लिखाण बघते आणि ती बाजू वर ठेवते. या माणसानं कधीतरी चौकटी बदलल्या असणार आणि फिल्म पालथी बसवून वर नाव घातलं. मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला. डब्यातली प्रत्येक स्लाइड उलटी आहे. तलाव उलटा आहे. मामांचं बरोबर होतं, डोंगर जागचा हलला नव्हता.

आणि ती बाई उजव्या हातानं रोप खोचतेय.

ती वच्छलाआजी नाही, आत्या.

मी फोन केला होता. गुड्डूनं उचलला. मागून तुझा आवाज येत होता, तू कुणाला तरी हसून सांगत होतीस की सोमवारी आईला जेवायला वाढायचंय. ‘सगळे बरे ना’ एवढंच विचारलं आणि ठेवला. पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही हे मला माहीत आहे. म्हणजे मी भित्री आहे, हेही तुला कळलंच.

मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

हर्षा


नवेगाव बांध, १६ सप्टेंबर

चि. हर्षा,

काल नवमी झाली. इतकी चांगली कधीच झाली नाही.

पाटावर फोटो ठेवला, हार घातला, पान वाढलं. सवाष्ण म्हून गल्लीतली दुर्गेश्वरी जेवली. निर्मलाबाईले बी गुड्डू गाडीवर बसवून घेऊन आला. तिले फोटोसमोरच बसवलं, म्हटलं दिसत नाही तं काय झालं, मैत्रीण समोर आहे. ते चार वडे जेवली. मामाइनं बी हात जोडले, डोंगराचं काही काढलं नाही.

दरसाल नवमीले मी चिडचिड करते, कोणी काही बोललं का अंगावर येते. काल नाही. काल मले वाटलं माह्यं बी माहेर आहे.

तू गुड्डूले फोन केला म्हणे, अन् मले न बोलता ठेवला. काऊन वो? इतकी काय घाई?

सावित्री


नवेगाव बांध, २५ सप्टेंबर

हर्षा,

तुह्यं पत्र भेटलं.

दोन दिवस मी त्या फोटोपुढं गेली नाही. तुह्यावर राग आहे, तो राहणारच. उलटं-सुलटं होते, मशीन आहे. पण फोन हातात असून तू काऊन नाही सांगितलं? मी रडली असती, अन् सुपारी ठेवली असती. तेवढी सवय आहे मले.

तिसऱ्या दिवशी फोटो उतरवला अन् निर्मलाबाईकडं गेली. तिले सांगितलं, बाई, हे माय नव्हे, फोटो पालथा होता, डावं ते उजवं झालं. ते खाटेवर बसून होती, उजवा हात गुडघ्यावर. त्या हातावर मनगटाच्या वरती विंचू. जन्मापासून पाहून राहिली मी तो विंचू, हिरवा, आता सुरकुत्यात गेलेला. फोटोतल्या बाईचा विंचू डाव्या हातावर. पालथं केलं तर उजव्या.

मी विचारलं, बाई, रोवण्यात तुहा कोणी फोटो काढला होता काय? तर म्हणे, हो, आला होता एक टोपीवाला बाबू, गळ्यात डबा लटकवून. साऱ्याइले म्हणे इकडं पाहा, हसा. मीच हसली, बाकीच्या लाजल्या.

पोरी, समजलं काय? नवमीले मी निर्मलाबाईच्या फोटोले हार घातला, निर्मलाबाईलेच समोर बसवलं, अन् तिच्याच नावाचे वडे तिलेच वाढले! तिले सांगितलं. मग म्हणे, अवो सावित्री, जित्तेपणी मले पितर केलं काय वो? अन् वडे तरी अजून वाढायचे होते! हसता हसता तिले खोकला लागला. मी बी हसली. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिनं रडू दिलं.

फोटो तिच्याच घरी ठेवून आली. तिची नातसून म्हणते, आजी इतकी सुंदर होती हे आमाले ठाऊकच नव्हतं.

आता ऐक. निर्मलाबाई म्हणते, त्या दिवशी वच्छला होती. माह्या बाजूलेच होती, ओळीच्या काठावर, शेताच्या कडेच्या धुऱ्याकडं. डावरीले मधात उभी केली तर दोघींचे हात एकमेकींले लागत, म्हून तिची जागा नेहमी काठाले.

म्हणजे माय त्या फोटोत आहे. तू कापून टाकली तिले.

सारा फोटो पाठव. सुलटा. काही कापू नको, डाग बी काढू नको.

सावित्री


पुणे, ३० सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि तडक मशिनीपाशी बसले. सुलट करून, अख्खी ओळ. निर्मलाबाई म्हणाल्या तसंच आहे. सगळ्यांच्या डाव्या हातात पेंढी, उजवा हात चिखलात. विंचूवाल्या बाईच्या पलीकडे, अगदी शेवटी, धुऱ्याला लागून एक बाई आहे. तिची पेंढी उजव्या हातात आहे. डावा हात चिखलात. मी पुन्हा पुन्हा बघितलं, फिल्मची बाजू भिंगाखाली तपासली. या वेळी चूक नाही.

आत्या, ही वच्छलाआजी आहे.

पण तुला आधीच सांगते, या वेळी लपवत नाही. तिचा चेहरा दिसत नाही. बाकीच्या बाया वाकल्या-वाकल्या मान वर करून कॅमेऱ्याकडे बघताहेत. हिनं नेमकी त्याच वेळी मान पलीकडे फिरवली. डोक्यावर पदर आहे. पदर, पाठ, कोपरापर्यंत चिखलानं माखलेला हात, एवढंच. धुऱ्यावर शिदोरीची टोपली ठेवलीय, तिकडे बघतेय. भूक लागली असेल बिचारीला.

डब्यातल्या उरलेल्या सगळ्या स्लाइड मी पाहिल्या. त्या शेताची ही एकच. त्या बाबूनं अजून एक घेतली असती तर! मला त्याचा इतका राग आला आणि मग माझा आला.

फोटो मोठा करून, न कापता पाठवतेय, सोबत मामांसाठी सुलटा तलावही. तुझ्या दारात येऊन द्यायची इच्छा होती, पण तू आत घेशील की नाही याची खात्री वाटली नाही.

हर्षा


नवेगाव बांध, ११ ऑक्टोबर

चि. हर्षा,

आशीर्वाद.

आत घेणार नाही म्हणजे? दिवाळीले ये. चार शब्द ऐकवीन, मग जेवू घालीन. येताना ते मशीन आण. केशोरी गावच्या कवडूकडं बी त्याच्या बापाच्या वक्ताचा स्लाइडचा डबा आहे म्हणे. अन् मामाइची माफी मागजो. ते सुलटा तलाव घेऊन गावभर फिरून राहिले.

फोटो काल आला. मी निर्मलाबाईच्या खाटेवर बसूनच फोडला. तिले एक-एक बाई सांगत गेली, ते नाव सांगत गेली. ही जाड, ते म्हणे जनाबाई. ही उंच, ते म्हणे भागरता. मग निर्मलाबाई स्वतः. मग काठावरची.

मी सांगितलं, तोंड दिसत नाही वो बाई. पलीकडं पाहून राहिली. नशीबच खोटं माह्यं.

ते म्हणे, कुठं पाहून राहिली?

मी म्हटलं, धुऱ्यावर. हर्षानं लिहिलं, शिदोरीची टोपली आहे तिथं.

तर ते म्हणे, खुळे झाल्या काय तुम्ही दोघी? शिदोरी आमी झाडाले टांगत. धुऱ्यावर ठेवली तर कुत्रे नाही खाणार? त्या टोपलीत तू होती. तीन-चार महिन्याची. घरी पाहायले कोणी नव्हतं म्हून वच्छला तुले संग आणे, लुगड्यात गुंडाळून टोपलीत ठेवे. घडोघडी मान वळवून तुह्याकडं पाहे. म्हून तिची ओळ वाकडी जाये अन् मालकाच्या शिव्या खाये. त्या बाबूनं किती आवाज दिला तिले, ओ बाई, इकडं पाहा. तिनं नाही पाहिलं.

पोरी, मी फोटो दारातल्या उजेडात नेला. वाकडी आहे ओळ. साऱ्याइची सरळ, तिचीच वाकडी. टोपलीच्या वर कापड आहे, अन् कापडाच्या बाहेर काहीतरी लहानसं निघालं आहे. नातीन म्हणते, आजी, हा तुहा पाय आहे.

आता तोंड नाही दिसलं तरी चालते मले. साऱ्या बाया त्या बाबूकडं पाहून राहिल्या. एकटी माय माह्याकडं पाहून राहिली.

तुही आत्या,
सावित्री